नक्षी नंतर, आधी काटा आणि टेप
वाचकांचे प्रश्न : स्क्रॅपबुकचा कागद

स्क्रॅपबुक करायला बसलेल्या वाचकांची या महिन्याची पत्रे जवळजवळ सगळी कागदापाशीच अडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

*मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो लावायचे आहेत. दुकानदाराने कार्डशीट, टिंटेड, आयव्हरी, क्राफ्ट, हँडमेड असे दहा प्रकार काउंटरवर टाकले आणि “किती जीएसएमचा देऊ?” असे विचारले. मी नुसतीच बघत राहिले. काय सांगायचे? — एक वाचक, सांगली*

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्याच्यावर तीन फोटो चिकटवून पान उचलले तर ते ओल्या पापडासारखे लोंबते. पानाचा पाया म्हणून २२० ते २५० जीएसएमचे कार्ड मागा. फोटोमागे रंगीत कड दिसावी म्हणून जो तुकडा लावतात, त्याला मॅट म्हणतात. मॅटला १६० ते २०० पुरतो. वरच्या नक्षीच्या कागदाला १२० पासून पुढे काहीही चालते. ३०० च्या वर नवख्याने जाऊ नये. ते कार्ड साध्या कात्रीला दाद देत नाही आणि घडी घातली की घडीवर तडकते. घडी घालायचीच असेल तर रिकाम्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने आधी रेघ दाबून घ्या.

पाकिटावर छापलेल्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका, सुट्या शीटवर तर आकडाही नसतो. घरी स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर सोपे आहे. सोळा ए-४ कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणून दहा ए-४ कागदांचे वजन ग्रॅममध्ये घ्या आणि १.६ ने गुणा. १२५ ग्रॅम भरले तर कागद २०० जीएसएमचा आहे. १२ इंची चौरस कागद असतील तर दहांच्या वजनाला १.०८ ने गुणले की झाले.

दुसरी परीक्षा दुकानातच करता येते. नमुन्याचा कोपरा फाडून बघा (विचारून!). कड आतपर्यंत त्याच रंगाची दिसली तर कागद लगद्यातच रंगवलेला आहे. मध्ये पांढरी रेघ दिसली तर रंग फक्त वरवर आहे. पांढऱ्या पोटाचा कागद वाईट नसतो. पण कापलेली प्रत्येक कड पांढरी चमकते, आणि गडद लाल किंवा काळ्या मॅटवर ती फार खुपते. कड मुद्दाम फाडून खडबडीत ठेवायची असेल तर तीच पांढरी रेघ छान दिसते.

आयव्हरी गुळगुळीत असते. छपाईला आणि शिक्क्यांना चांगली, पण जेल पेनची शाई तिच्यावर उशिरा वाळते आणि हाताला लागते. क्राफ्ट म्हणजे खाकी. दिसायला सुरेख, तरी फोटोला थेट लावण्याआधी खालचे आम्लाविषयीचे उत्तर वाचा.

*१२ बाय १२ इंच, ८ बाय ८ की ए-४? आणि एका अल्बमला किती कागद लागेल? — नाशिक, ठाणे आणि कोल्हापूर येथील वाचक*

आधी अल्बम घ्या, मग कागद. उलटे केले की पैसे वाया जातात. मोठ्या अल्बमचे जगभर चाललेले माप १२ बाय १२ इंच, म्हणजे ३०.५ सेंमी. आपल्याकडे अडचण अशी, की ए-३ कागदातून ते निघत नाही. ए-३ ची रुंदी २९.७ सेंमी, जवळजवळ ८ मिमी कमी. “ए-३ मधून कापून घेऊ” म्हणणाऱ्यांची पाने अल्बमच्या खिशात ढिली पडतात. म्हणजे या मापाला तयार चौरस कार्डच विकत घ्यावे लागते, आणि ते महाग पडते.

म्हणून पहिल्या अल्बमला आम्ही ८ बाय ८ सुचवतो. ते माप ए-४ मधून दोन कापांत निघते, आणि मोठ्या शीटमधूनही बेताने बसते. २२ बाय २८ इंचांचे शीट घ्या. आधी त्याची ६ इंच रुंद, २८ इंच लांब पट्टी काढा. या पट्टीतून ४ बाय ६ चे सात मॅट निघतात. उरले १६ बाय २८, त्यातून ८ बाय ८ ची सहा पाने. शेवटी १६ बाय ४ ची पट्टी राहते, तिच्यातून आणखी दोन मॅट आणि ४ इंचाचा एक चौकोन. टाकायला काही राहत नाही. फक्त दुकानात टेप लावून शीट मोजा. कधीकधी ते पाव-अर्धा इंच कमी भरते, आणि मग सातवा मॅट गेला. १२ बाय १२ ची पाने याच शीटमधून काढायला जाल तर दोनच निघतील.

आता मॅटचे माप. फोटो ४ बाय ६ इंचांचा असतो, म्हणून बहुतेक जण कड दिसायला मॅट सव्वाचार बाय सव्वासहाचा कापतात. १२ इंची कार्डातून ट्रिमरने, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ कापणाऱ्या पट्टीच्या कटरने, आडवे-उभे कापत गेल्यास असे तीनच निघतात. हातातल्या कटरने चक्राकार मांडून कापले तर चार. त्याऐवजी फोटोच पावणेचार बाय पावणेसहाचा करा आणि मॅट बरोबर ४ बाय ६ चा ठेवा. एका कार्डातून सहा निघतील. फोटोच्या चारही बाजूंनी अष्टमांश इंच जातो, तेवढ्याने कोणाचे डोके कापले जात नाही. निगेटिव्ह किंवा फाइल नसलेला जुना फोटो मात्र कापू नका, त्याची प्रत काढा.

वीस पानांच्या १२ इंची अल्बमचा हिशोब असा. पायाला २० कार्डे, दोन किंवा तीनच रंगांत. पानाला तीन धरले तर साठ फोटो, त्यातल्या निम्म्यांना मॅट पुरेत, म्हणजे ५ कार्डे. नक्षीचे सुटे कागद ८ ते १०. मॅटची पाचही कार्डे वाचवायची असतील तर पायाच्या कार्डाचे पोट कापा. पायावर साडेअकरा इंची नक्षीचा कागद येणार असेल, तर मधला १० बाय १० चा भाग कोणाला दिसतच नाही. तो कापून घ्या, एक इंचाची चौकट ठेवा, नक्षीचा कागद तिच्यावर चिकटवा. आतल्या तुकड्यातून तीन मॅट मिळतात. पान प्लॅस्टिकच्या खिशात जाणार असेल तरच ही युक्ती करावी, नाहीतर मध्ये पान मऊ पडते.

*पाने चिकटवून दुसऱ्या दिवशी बघितली तर सगळी द्रोणासारखी वळलेली. डिंक वाईट की कागद? — एक वाचक, चिपळूण*

बहुधा दोन्ही चांगले असतील. यंत्रावर कागद बनतो तेव्हा त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपतात. बाइंडर त्याला ग्रेन म्हणतात. तंतूने ओल ओढली की तो जाड होतो, लांबीला फारसा वाढत नाही. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो. पांढरा पातळ डिंक लावला की एक बाजू फुगते, दुसरी कोरडी राहते, आणि पान वळते. वाळताना ते पुन्हा आक्रसते. पायाचा ग्रेन उभा आणि वरच्या कागदाचा आडवा असेल, तर दोघे वेगवेगळ्या दिशांना ओढतात. जुलैत चिपळूणच्या हवेत हे डिंकाशिवायही होते.

ग्रेन ओळखायला एकाच कागदाच्या दोन पट्ट्या कापा, १ इंच रुंद, ६ इंच लांब, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला धरा. मग वरची खाली करून पुन्हा धरा. जी जास्त वाकते तिच्या लांबीला ग्रेन आडवा आहे, जी ताठ राहते तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन आहे. खात्री हवी असेल तर दोन इंचांच्या तुकड्याची एक बाजू ओल्या बोटाने पुसा. तुकड्याची नळी होऊ लागेल. नळीची लांबी जिकडे, ग्रेन तिकडे. मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून ठेवा. चौरस कागदाचा फायदा असा, की नक्षी आड येत नसेल तर पाव वळसा देऊन दोन्ही ग्रेन जुळवता येतात.

मोठा कागद मोठ्या कागदावर लावताना सगळीकडे डिंक फासू नका. चारी कडांना दुहेरी टेप आणि मध्ये एक पट्टी एवढे बास. डिंकच वापरायचा तर काडीचा, तोही पातळ. वर बटर पेपर आणि त्यावर जाड पुस्तके ठेवून रात्रभर दाबा. वातानुकूलित दुकानातून आणलेला कागद त्याच संध्याकाळी चिकटवू नये. पाकिटाबाहेर एक दिवस आडवा ठेवला की तो घरच्या हवेला सरावतो. आणि मैद्याची खळ नको. स्वस्त असते, चिकटतेही घट्ट, पण कसर आणि झुरळे तिच्यासाठीच येतात.

*वडिलांच्या जुन्या अल्बमची पाने पिवळी पडून फोटोंवर डाग आले. नव्या अल्बमला ॲसिड-फ्री कागद घ्या असे सगळे सांगतात. तो खरा की नुसते लेबल, हे घरी कसे ओळखायचे? हळदीच्या पाण्याने कळते का? — एक आजोबा, सोलापूर*

आजोबा, हळदीने कळणार नाही. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे खरे. पण आम्लात आणि उदासीन कागदावर ती सारखीच पिवळी राहते. आपल्याला ओळखायचे असते ते नेमके याच दोघांमधले अंतर.

कागद पिवळा पडण्याची कारणे मुख्यतः दोन. लाकूड नुसते दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहते. उजेड आणि हवा लागली की ते तपकिरी होते. वर्तमानपत्र गच्चीत चार दिवस राहिले की कसे होते, ते आठवा. दुसरे कारण खळीचे. शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी देत, आणि तुरटीतून आम्ल तयार होते. हे आम्ल एका कागदातून शेजारच्या कागदात उतरते, फोटोतही. म्हणून फोटोला टेकणारे सगळे, म्हणजे पाया, मॅट आणि डिंक, आम्लमुक्त हवे. कोपऱ्यातल्या फुलाचा कागद तेवढा कडक तपासला नाही तरी चालेल.

लेबलवर दोन गोष्टी शोधा : ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री. एकच असेल तर काम अर्धेच झाले. आयएसओ ९७०६ असा आकडा असेल तर उत्तम. टिकाऊ कागदाचे ते मानक आहे, त्यात आम्ल मारायला चुनखडीचा साठा कागदातच ठेवलेला असतो. पीएटी लिहिले असेल तर तो माल फोटोवर काय परिणाम करतो याची चाचणी झालेली आहे. ‘फोटो-सेफ’ एवढाच शब्द मात्र कोणीही छापू शकतो, त्याला आम्ही किंमत देत नाही.

घरी तपासायला पीएच पेन मिळते. कागदाच्या मागे कोपऱ्यात रेघ ओढायची. जांभळी राहिली तर कागद आम्लमुक्त, पिवळी पडली तर आम्ल आहे. गडद कागदावर रेघेचा रंग दिसत नाही, आणि लिग्निन या पेनला कळत नाही. लिग्निनसाठी ऊन. कागदाची पट्टी काढा, निम्मी पुठ्ठ्याखाली झाका, आठ दिवस दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. उघडी बाजू पिवळी पडली तर तो कागद फोटोपासून लांब. रंगीत कागदाचा रंग उडतो का, तेही त्याच पट्टीवर कळते.

वडिलांच्या अल्बममधल्या वर्तमानपत्राच्या कात्रणांची लेझर झेरॉक्स आम्लमुक्त कागदावर काढून तीच लावा, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात. बसची यंत्रातली तिकिटे आणि दुकानाच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात, त्यांचीही प्रत आधी काढा. पानांवरचे खिसे पॉलिप्रोपिलीनचे हवेत. नव्या रेक्झीनसारखा उग्र वास आला तर तो पीव्हीसी समजा आणि परत ठेवा.

*नक्षीच्या कागदांचा मोठा पॅड घ्यावा की सुटे? — एक वाचक, पुणे*

पहिल्या वेळी सुटे. पॅडवर पानांची संख्या ठळक छापलेली असते, वेगळ्या नक्ष्या किती ते बारीक अक्षरात असते. एकच नक्षी तीन-तीनदा येते. पॅडचे कागद बरेचदा सुट्यांपेक्षा पातळ आणि एकाच बाजूने छापलेले असतात. ६ इंची पॅडमध्ये नक्षी बारीक केलेली असते, ती मोठ्या पानावर किरकिरी दिसते.

निवड करायला अल्बममध्ये जाणारे दोन-तीन फोटो बरोबर न्या. कागद फोटोशेजारी धरा, आणि दुकानाच्या दाराशी उजेडात येऊन बघा. ट्यूबलाइटखाली पिस्ता आणि आकाशी यांत फरक कळत नाही. एका पानाला तीन नक्ष्या पुरतात : एक मोठी, एक बारीक, एक रेघांची किंवा चौकड्याची. पैठणीला काठ जेवढा, तेवढीच नक्षी पानाला. मोठमोठ्या फुलांचा सुंदर कागद घेऊन त्याच्यावर चार फोटो ठेवले की फुलांचे देठच उरतात.

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट या ठिकाणी सुटे कागद हाताळून घेता येतात. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे जाड चकाकीच्या कागदाचे उरलेले तुकडेही विचारा. ते सजावटीपुरते, फोटोखाली नकोत.

*हातकागद चालेल का? — एक वाचक, पुणे*

चालेल, थोडे बघून घेतले तर. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तेव्हा तुम्हाला लांब जायला नको. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदात लिग्निन जवळजवळ नसतेच, हा त्याचा मोठा गुण. पण पाकळ्या, गवत, पाने घातलेला कागद फोटोखाली घेऊ नका. पाकळीचा डाग पडतो आणि तिचा उंचवटा फोटोवर उमटतो. रंगीत असेल तर ओल्या कापसाने कोपरा दाबा. कापूस रंगला तर पावसाळ्यात शेजारचे पानही रंगेल. शाई फुटते का, तेही कोपऱ्यात एक शब्द लिहून बघा. पृष्ठभाग लवदार असेल तर टेप धरत नाही, वरचा पापुद्रा घेऊन सुटतो. तिथे डिंकच हवा.

*ताई, मी नववीत आहे. मैत्रीण गाव सोडून चालली आहे, तिला स्क्रॅपबुक द्यायचे आहे. स्टेशनरीतली स्पायरलची स्क्रॅपबुक आणली, पण आठ पाने झाल्यावर ती बंदच होत नाही. पैसे जास्त नाहीत. — एक विद्यार्थिनी, परभणी*

नवीन वही आणू नकोस. तुझ्या वहीचा कणा कोऱ्या पानांच्या जाडीचा आहे. तू फोटो लावलेस, पानांची जाडी तिप्पट झाली, कणा तेवढाच राहिला. प्रत्येक भरलेल्या पानानंतरचे एक कोरे पान काप. पण मुळापासून नाही, स्पायरलच्या बाजूला अर्धा इंच पट्टी ठेव. ती पट्टी कण्यापाशी जागा धरते आणि वही सपाट मिटते. कापलेली पाने मॅटला वापर.

ही पाने पातळ असतात, म्हणून दोन पाने पाठीला पाठ टेपने जोडून एक कर. काळ्या पानावर पांढरे जेल पेन चालते, पण आधी पान पांढऱ्या रुमालाने घासून बघ. रुमाल काळा झाला तर फोटोही काळा होईल. मग फोटोखाली साध्या पांढऱ्या झेरॉक्स कागदाचा तुकडा घाल, हल्लीचा हा कागद बहुधा आम्लमुक्तच असतो. चमकीचा कागद घ्यायचा मोह झाला तर अर्धेच शीट घे. त्याच्यावर टेप टिकत नाही आणि चमकी सगळ्या वहीभर होते. कापायचा तो मागच्या बाजूने.

*इथे कागदावर जीएसएम नसतो, पौंड असतात. ११० पौंडांचे कार्ड घेतले, ते पातळ निघाले. आईने पुण्याहून पाठवलेला ए-४ कागदही अल्बमच्या खिशात जात नाही. — एक वाचक, न्यू जर्सी*

पौंडाच्या पुढचा शब्द वाचायचा राहिला असणार. अमेरिकेत ५०० कागदांचे वजन सांगतात, पण ते कागद कोणत्या मापाचे हे प्रकारानुसार बदलते. ११० पौंड कव्हर म्हणजे २९८ जीएसएम आणि ११० पौंड इंडेक्स म्हणजे १९९. तुमच्या हाती इंडेक्स आले. कव्हर असेल तर पौंडांना २.७ ने गुणा, इंडेक्सला १.८ ने, टेक्स्टला दीडने. पायाला ८० पौंड कव्हर घ्या, ते २१६ जीएसएम भरते. ६५ पौंड कव्हर, म्हणजे १७६, मॅटला.

तुमचा अल्बम लेटर मापाचा आहे, साडेआठ बाय ११ इंच. ए-४ त्याच्यापेक्षा रुंदीला ६ मिमी कमी आणि उंचीला १८ मिमी जास्त. वरून १८ मिमी कापा. त्या पट्टीतून फोटोखालच्या तारखांच्या चिठ्ठ्या होतील.